निघताना दार ओढू नका

तो बॅगेचं शेवटचं चाक बसवत होता, तेव्हा टोपीवाला छत्री घेऊन दारात आला. त्याच्या बायकोची पिवळी छत्री, मिटलेली, कंपनीच्या नावाची पट्टी घट्ट गुंडाळलेली. त्याने एकदाच वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. स्क्रू अर्धा आत गेला होता. हात सुटला असता तर पुन्हा पहिल्यापासून.

"विसरली वाटतं," तो म्हणाला. "ठेव तिथे कोपऱ्यात. नाहीतर संध्याकाळभर मलाच विचारत बसेल, छत्री कुठे ठेवलीस म्हणून."

टोपीवाल्याने छत्री कोपऱ्यात टेकवली. हा माणूस गप्प उभा राहणं हेच विचित्र होतं. दिवसभर पर्यटकांच्या मागे ओरडत फिरायचं, हा त्याचा धंदा. विकायच्या टोप्यांची चळत तो नेहमी स्वतःच्याच डोक्यावर घेऊन चालायचा. आज डोकं उघडं होतं.

"ती किल्ल्याच्या दरवाजाशी खाली बसली," टोपीवाला म्हणाला. "बसली ती उठलीच नाही. गाडीतून नेलंय तिला. चल तू."

त्याने पक्कड खाली ठेवली. मग ती पुन्हा उचलून भिंतीवरच्या खिळ्याला, तिच्या जागी टांगली.

"टोप्या कुठायत तुझ्या?"

"तिच्या डोक्याखाली ठेवल्या," टोपीवाला म्हणाला. "फरशी तापली होती रे."

दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरने सांगितलं.

"ऊन लागलं का?" त्याने विचारलं.

"हृदय बंद पडलं," डॉक्टर पुन्हा म्हणाला, आणि शेजारी उभ्या असलेल्या, तिच्या सहल कंपनीच्या मॅनेजरकडे पाहिलं.

"ते तर शेवटी सगळ्यांचंच पडतं," तो म्हणाला.



त्या गावात बाराही महिने ऊन असतं आणि गाव त्याच्यावरच जगतं. थंड मुलखातली माणसं ऊन अंगाला लावून घ्यायला तिथे येतात. त्यांना बसमधून किल्ल्यावर नेणं, फिरवणं, परत आणणं हे त्याच्या बायकोचं काम होतं. गाव तिला छत्रीबाई म्हणायचं. पाहुणे बसमध्ये चढले की ती माइक हातात घेऊन त्यांना इथल्या रीतीभाती सांगायची आणि जिवाला कसं जपायचं तेही सांगायची. नोकरी नवीन होती तेव्हा ती हे बोलणं स्वयंपाकघरात घोकायची. बाहेरच्या खोलीत त्याचं बॅगा दुरुस्तीचं दुकान. फाटलेल्या चेनी शिवता शिवता त्याचंही सगळं पाठ झालं होतं.

"इथलं ऊन सासूसारखं आहे," ती म्हणायची. "पहिल्या दिवशी लाड करतं, दुसऱ्या दिवसापासून भाजायला घेतं. टोपी घाला. तहान लागायची वाट बघू नका, पाणी पीत राहा. डोकं दुखायला लागलं, घाम यायचा थांबला, की सावलीत बसा आणि हाक मारा. लाजू नका. कुणाचा फोटो काढायचा तर आधी विचारा. म्हातारी माणसं हो म्हणतात आणि केस विंचरायला आत जातात, तेवढं थांबा. कुणी पाणी पुढे केलं तर नाही म्हणू नका, घोटभर तरी घ्या. आणि दुपारी या गावात सगळी दारं बंद असतात. एखादं उघडं दिसलं तर समजा, त्या घरातलं माणूस गेलंय. आत जाऊ नका. चुकून गेलात, तर निघताना दार ओढू नका. ते काम दुसऱ्याचं आहे."

त्या गावची रीत तशीच आहे. घरात मरण झालं की दुपारचं दार उघडं ठेवायचं. घरच्यांनी ते लावायचं नाही. बाहेरचं माणूस येतं, बहुतेक वेळा नात्यातलं थोरलं कुणीतरी. भर दुपारी येतं, बसतं, पाणी पितं आणि जाताना दार ओढून घेतं. ओढलं की संपलं. त्या मरणाबद्दल मग कुणाचं कुणाकडे काही उरत नाही. पण माणूस दुसऱ्याच्या कामावर असताना गेलं असेल तर नातेवाईक चालत नाही. ज्याचं काम, त्यानेच यायचं. होडी बुडाली तर होडीचा मालक येतो, खाणीत दरड कोसळली तर खाणवाला येतो. माफीबिफी कुणी मागत नाही. सगळ्या गल्लीच्या देखत उन्हातून चालत यायचं आणि त्या घरचं पाणी प्यायचं, एवढंच. पण तेवढ्यात सगळं कबूल झालेलं असतं.

आठवडाभरात त्याचा मामा आला. बसला, पाणी प्यायला, डोळे पुसले आणि उठताना दाराच्या कडीला हात घातला.

"मामा, राहू दे."

"अरे, मीच थोरला ना सगळ्यांत?"

"थोरला आहेस. पण ती तुझ्या कामावर नव्हती."

मामाने हात काढून घेतला. कडी तापलेली होती. त्याने बोटं सदऱ्याला पुसली आणि पायऱ्या उतरला. दार उघडं राहिलं.

सोबतीला म्हणून त्याची थोरली बहीण येऊन राहिली होती. तिला ते दार सोसवेना. समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून ऊन उलटून सरळ घरात यायचं. दुकानातलं रेक्झिन मऊ पडायचं, डिंकाची बाटली उतू जायची.

"सगळी गल्ली गारव्यात झोपलीय आणि आपल्या घराची भट्टी," ती म्हणायची. "रोज दूध नासतं."

"नासू दे, ताई."

"तूही नासशील असाच बसून बसून. कोण येणारे तुझ्यासाठी? इतकं ऊन सोसून ते लोक येतील होय?"

"ती उभी राहायची ना त्याच उन्हात."

ताई मग पदराने वारा घेत आत निघून जायची. तिचंही चूक नव्हतं. तिला मोकळं व्हायचं होतं, आणि दार उघडं असेपर्यंत कुणालाच मोकळं होता येत नव्हतं.

त्या दिवशी काय झालं ते त्याला टोपीवाल्याकडून तुकड्यातुकड्याने कळलं. एकदम विचारायची छाती त्याला झाली नव्हती. बस भरली होती. दोन पाहुणे कमी होते. एक नवरा-बायको. ती दोघं खाली एका थंडगार दुकानात गालिचे बघत बसली होती. गाइडने दरवाजाची जागा सोडायची नाही आणि छत्री उंच धरून ठेवायची, असा कंपनीचा नियम. तीही मिटलेली. उघडी छत्री कुणाचीही असू शकते. पाहुण्यांच्या, बायाबापड्यांच्या, फेरीवाल्यांच्या उघड्या छत्र्या तिथे ढिगाने. मिटलेली पिवळी छत्री वर दिसली की ओळखायचं, आपली गाइड. ती हात बदलत बदलत उभी होती. टोपीवाल्याने तिला एकदा सावलीत ये म्हटलं. "त्यांना दिसायला नको का मी?" असं म्हणून ती हसली. ती दोघं आली, त्यांनी लांबूनच हात केला. तेव्हा तिने छत्री खाली घेतली आणि ती बसली.

"घाम येत होता का तिला?" त्याने विचारलं.

टोपीवाल्याने हातातली टोपी उलटसुलट केली.

"मी बघितलं नाही रे," तो म्हणाला. मग आवाज बदलून, "मी टोप्या विकतो आणि तुझ्या बायकोचा मालक टोप्या घालतो. धंदा आमचा एकच. पण मी गिऱ्हाइकाला तोंड तरी दाखवतो."

मॅनेजर आला तो सकाळी. सकाळी गावातली सगळीच दारं उघडी असतात, त्यामुळे तेव्हा येण्याला काही अर्थ नसतो. त्याच्या हातात तिचा फोटो होता, मोठा करून चौकटीत बसवलेला. बसच्या पायरीवर उभी, हातात छत्री, मिटलेली.

"ऑफिसातही एक लावलाय," मॅनेजर म्हणाला. "आत शिरलं की समोरच."

"बरं केलंत."

"सगळ्यांनाच चटका लागला, दादा. मालकांना तर फार."

"कुठे असतात मालक?"

"बाहेरगावी. सीझन आहे ना." मॅनेजरने खुर्ची जरा पुढे ओढली. "एक विनंती होती. तुमच्या मामांना परत बोलावून घ्या. आपले ग्रुप याच गल्लीतून किल्ल्यावर चढतात. भर दुपारी सगळ्या गल्लीत एकच दार उघडं आणि आत एक माणूस नुसता बसलेला. पाहुणे विचारतात हो. सुट्टीला आलेल्या माणसाला मरणाचं काय सांगायचं? शेवटी आम्ही ते काढूनच टाकलं."

"काय काढलंत?"

"ते दाराचं. बाकी सगळं बाईंचंच ठेवलंय, अगदी सासूसकट."

तो हातातल्या चेनला मेण लावत होता. चेन एकदा पूर्ण ओढून त्याने पुन्हा मागे आणली.

"ती कामावर होती," तो म्हणाला.

"ड्यूटी संपली होती, दादा. ग्रुप बसमध्ये बसला होता. त्या दोघांसाठी बाई थांबल्या त्या आपल्या मनाने. आणि डॉक्टरांनी सांगितलंच आहे, हृदय."

"तुम्ही सकाळीच का आलात?"

मॅनेजरने घड्याळाकडे पाहिलं. "दुपारी बाहेर पडवतच नाही हो इथे," तो म्हणाला. आणि म्हणून झाल्यावर त्याचा चेहरा बदलला. तो उठला, फोटोला हात जोडले आणि दाराला अंगही लागू न देता आडवा होऊन बाहेर पडला.

छत्री न्यायला नवी गाइड आली. तिला बायकोनेच शिकवून तयार केलं होतं. घरी यायची, ओट्याला टेकून माइकऐवजी लाटणं धरून बोलायची. आता ती पायताण काढून खाली जमिनीवरच बसली.

"काका, ऑफिसने छत्री मागितलीय. नवीन माल यायला वेळ आहे म्हणतात. मी नाही म्हणणार होते, पण..."

"कंपनीची आहे. घेऊन जा."

त्याने ती कोपऱ्यातून उचलली, धूळ पुसली आणि तिच्या हातात द्यायच्या आधी म्हणाला, "चालते का बघ आधी."

तिने पट्टी सोडली. खटका दाबला तो हलेना. त्याने तेलाचा थेंब सोडला, तेव्हा छत्री कुरकुरत उघडली. दोघंही बघत राहिले. मिटलेल्या घडीचं जेवढं कापड बाहेर राहायचं तेवढं रंग उडून पांढुरकं झालं होतं. आतलं सगळं पिवळंधमक होतं, दुकानातून आजच आणल्यासारखं.

ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "घरात छत्री काय उघडता रे!"

पोरीने ती घाईघाईने मिटली. पट्टी गुंडाळताना तिला बराच वेळ लागला.

"उघडून धरत जा," तो म्हणाला.

"उघडली की ओरडतात, काका." मग ती दाराकडे बघून हळूच म्हणाली, "मालक येणारेत. नवी बस बघायला. मॅनेजरसाहेब फोनवर बोलत होते त्यांच्याशी, तेव्हा मी मध्येच बोलले. म्हटलं, साहेब, त्या घरचं दार अजून उघडं आहे."

"मग?"

"फोनमधून मालक म्हणाले, बघतो."

"बघतो?"

"हो. नाही असं नाही म्हणाले."

त्याने मान हलवली. पोरगी गेल्यावर त्याने दुकान झाडलं. ठिगळांचे तुकडे, तुटलेली हँडलं, बिनमालकाच्या बॅगा सगळं एका भिंतीला लावलं. ज्या बॅगेचं चाक त्या दिवशी राहिलं होतं तीही त्यात होती. तिचा मालक दुसरी बॅग घेऊन केव्हाच आपल्या देशी गेला होता. तीन चाकांवर ती बॅग एका बाजूला झुकून उभी होती.

मालक आला त्या दिवशी टोपीवाला जेवणाच्या आधीच धावत सांगत आला. "गाडी किल्ल्याखाली लागलीय. मॅनेजर हात करून करून या गल्लीकडे काहीतरी दाखवत होता. मालक मान हलवत होता. अंघोळ कर, जा."

"केलीय."

"मग सदरा तरी बदल. असा डिंक लागलेला सदरा घालून बसणार?"

त्याने सदरा बदलला. ताईने न सांगता माठ घासून भरला, दोन तांबे लखलखीत पुसले आणि ती आतल्या खोलीत जाऊन बसली. चांगली खुर्ची त्याने दाराशी आणली, स्वतःला स्टूल घेतलं. गल्लीतली दारं एकामागून एक बंद झाली. समोरच्यांची खिडकी मात्र बोटभर उघडी राहिली. शेजारच्यांचीही. सगळ्यांना कळलं होतं.

उन्हात पावलं वाजली तेव्हा तो उठून उभा राहिला.

दारात एक बाई होती. पाहुणी, साठीची असावी, चेहरा विटेसारखा लाल. टोपी हातात होती. उघडं दार दिसलं म्हणून ती आत आली आणि पहिल्या खुर्चीवर बसली. तीच खुर्ची.

"पाणी," ती म्हणाली. त्यांची भाषा त्याला दुकानापुरती येत होती.

त्याने तांब्या तिच्या हातात दिला. ती गटागटा प्यायला लागली तेव्हा त्याने हाताने खूण केली, हळू. पंचा भिजवून पिळला आणि तिच्या मानेवर ठेवला. तिच्या हाताला बोट लावून पाहिलं. घाम होता. ओलाचिंब हात होता.

"घाम येतोय," तो म्हणाला. "मग काही नाही. बरं वाटेल."

"ग्रुप पुढे गेला," बाई म्हणाली. "मी फोटो काढत मागे राहिले. सगळी दारं बंद. मला वाटलं इथे माणसंच राहत नाहीत. मग तुमचं दार दिसलं." ती हसली. "आम्हाला बसमध्ये सांगितलं होतं, पाणी दिलं तर नाही म्हणू नका. इथलं ऊन सासूसारखं आहे. फार हसलो आम्ही."

"हो," तो म्हणाला.

त्याचं लक्ष गल्लीकडे होतं. हिने आता लवकर उठावं असं त्याला वाटत होतं आणि असं वाटतंय याची लाजही वाटत होती. तिच्या चेहऱ्याची लाली उतरत चालली होती. वाटेसाठी पाण्याची एक बाटली भरून द्यावी, म्हणजे ही निघेल, म्हणून तो आत गेला. माठातून पाणी घ्यायला जरा वेळ लागला, बाटलीचं तोंड लहान होतं.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दोन शब्द ऐकू आले, आभाराचे असावेत. मग कडी वाजली.

दुकान अंधारलं. त्याला आधी कळलंच नाही काय झालं ते. दुपारचा अंधार त्या घरात कितीतरी दिवसांत आला नव्हता. पंचा घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला होता. बाई नीटनेटकी होती. ज्याने एवढं पाणी दिलं, गारवा दिला, त्या माणसाच्या घरात ऊन जाऊ नये म्हणून निघताना तिने दार ओढून घेतलं होतं, अगदी हलक्या हाताने. तिच्या आईने तिला लहानपणी शिकवलं असणार.

त्याने बाटली तशीच हातात घेऊन दार उघडलं. बाई वळणापाशी पोचली होती. आणि गल्लीच्या दुसऱ्या तोंडाकडून, निम्म्या वाटेवर, दोन माणसं उभी होती. मालक होता. कोरी पिवळी छत्री पूर्ण उघडून मॅनेजरने त्याच्या डोक्यावर धरली होती. दोघंही दाराकडेच बघत होते.

ते खरंच चालत येत होते.

समोरची खिडकी बोटभर होती ती बंद झाली. टोपीवाला पलीकडच्या एका पायरीवरून उठून ओरडला, "अहो शेठ, ते चुकून झालं! परकी बाई होती, तिला काय माहीत!"

मालकाने मॅनेजरला काहीतरी विचारलं. मॅनेजरने दाराकडे बोट केलं, वळणाकडे बोट केलं. मालकाने रुमालाने कपाळ पुसलं. मग दोघंही वळले. छत्रीही त्यांच्याबरोबर वळली. गल्लीच्या तोंडाशी गाडीचं इंजिन चालूच होतं.

तो हाक मारू शकला असता. नाव घेऊन हाक मारायची तर त्याला मालकाचं नाव माहीत नव्हतं.

या वेळी मॅनेजर दुपारी आला, दुसऱ्याच दिवशी. दार उघडं बघून तो पायरीवर थबकला, पण आत आला.

"काल दार ओढलं गेलं, दादा," तो म्हणाला. "सगळ्या गल्लीने बघितलं. मग आज हे उघडं?"

"ओढायला पाहिजे त्याने नाही ओढलं."

"मालक निघाले होते. तुम्ही स्वतः बघितलंत. एवढ्या उन्हात निम्म्या गल्लीत आले होते. पुढे दारच लागलं तर त्यांनी काय करायचं? आणि ती पाहुणी आपल्याच कंपनीची. आपल्या बसने आली, आपल्या हॉटेलात उतरली. तिने ओढलं म्हणजे आपणच ओढलं, असं मालकांचं म्हणणं पडलं. त्यांनी सांगितलंय, त्यांच्याकडून आता काही बाकी नाही."

"तिला दाराचं सांगितलं असतंत तर तिने ओढलं नसतं."

मॅनेजर दाराकडे वळला. त्याने समोर आलेलं पाणीही घेतलं नाही. "बघा तुम्ही," तो म्हणाला आणि गेला.

ताई बाहेर आली. तिचे डोळे सुजलेले होते. "झालं ना आता," ती म्हणाली. "कुणी का ओढेना, ओढलं गेलं. तिलाही सुटू दे की बिचारीला." तिने दारावर हात ठेवला. ती घरची होती, तिने दार लावणं रीतीत बसत नव्हतं. पण रीतीत बसेल असं आता काहीच राहिलं नव्हतं.

तो उठला. भिंतीला लावलेल्या बॅगांमधून त्याने ती तीन चाकांची बॅग ओढून काढली. जुनी, कठीण कवचाची, एकट्याला न उचलवणारी. त्या माणसाने आत काय भरून ठेवलं होतं कोण जाणे. फरशीवर तिचा चरा उमटला. त्याने ती उंबऱ्यात, दाराच्या मधोमध आडवी घातली. आता दार ओढायचं म्हटलं तरी ओढलं गेलं नसतं.

"लोक नावं ठेवतील," ताई म्हणाली.

"ठेवू देत. तुझं दूध आत पाण्यात ठेवत जा, म्हणजे नासणार नाही."

लोकांनी नावं ठेवलीच. एकदा ओढलेलं दार परत उघडणारा माणूस गावाने पाहिला नव्हता. समोरच्यांनी खिडकी पुन्हा कधी बोटभरही उघडली नाही. मामाने निरोप पाठवला की हे बरं नाही. टोपीवाला तेवढा येऊन बॅगेवर बसायचा, टोप्या मांडीवर घेऊन, आणि गिऱ्हाइकांच्या गमती सांगायचा. हसू यायचं तेव्हा दोघंही हसायचे.

एका दुपारी नव्या गाइडचा ग्रुप गल्लीत शिरला. उशीर झाला होता, तिला घाई होती. मिटलेली छत्री उंच धरून ती झपझप पुढे चालली होती. घराशी आली तशी थांबली. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही. पाहुण्यांकडे तोंड करून, गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागली.

"दुपारी या गावात सगळी दारं बंद असतात. एखादं उघडं दिसलं तर समजा, त्या घरातलं माणूस गेलंय. आत जाऊ नका. चुकून गेलात, तर निघताना दार ओढू नका. ते काम दुसऱ्याचं आहे."

पाहुण्यांनी आत पाहिलं. एकाने फोटोसाठी उचललेला हात खाली घेतला. मागून कुणीतरी विचारलं, "दुसऱ्याचं म्हणजे कुणाचं?"

 पोरीने छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"पुढे चला," ती म्हणाली. "ऊन लागेल."

ते गेले. तो स्टुलावर बसून एका पिशवीचा बंद शिवत राहिला. उंबऱ्यातली बॅग तापली होती. तिचं चौथं चाक अजून बसवायचं आहे. मालक अजून यायचा आहे.